उपनगरी रेल्वे स्थानकाचे बहुविध वाहतूक केंद्रात रूपांतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपनगरी स्थानकाच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की नव्या इमारतीचे चित्र सर्वांत आधी पुढे येते. गाडीतून उतरलेला प्रवासी बसच्या, रिक्षाच्या किंवा स्वतःच्या सायकलच्या जागेपर्यंत कसा पोहोचतो, याकडे त्या मानाने फार कमी लक्ष जाते. नागरिक, प्रवासी संघटना आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांच्याकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत आणि त्यांची उत्तरे या चालत जायच्या वाटेला मध्यवर्ती धरून दिली आहेत.

बहुविध वाहतूक केंद्र म्हणजे नेमके काय?

उपनगरी रेल्वे, मेट्रो, बस, टॅक्सी, रिक्षा, सायकल आणि पायी चालणे अशी वाहतुकीची वेगवेगळी साधने जेथे एकत्र येतात आणि एका साधनातून दुसऱ्यात जाताना प्रवाशाला कमीत कमी चालावे, चढावे-उतरावे, थांबावे आणि शोधावे लागते, त्या ठिकाणाला बहुविध वाहतूक केंद्र म्हणता येईल. केवळ ही सर्व वाहने स्थानकाबाहेर हजर असणे पुरेसे नाही. बहुतेक गजबजलेल्या उपनगरी स्थानकांबाहेर ती आजही असतात, परंतु बस चौकापलीकडे, रिक्षा प्रवेशद्वाराच्या तोंडावर आणि टॅक्सी जेथे जागा मिळेल तेथे, अशी त्यांची मांडणी असते. गाडीच्या दारापासून बसच्या दारापर्यंत जायला किती मिनिटे लागतात, वाटेत किती पायऱ्या आणि किती रस्ते ओलांडावे लागतात, हे मोजले की ते स्थानक केंद्र म्हणवून घेण्यास कितपत पात्र आहे, ते कळते.

स्थानकाची नवी, प्रशस्त इमारत बांधली तर हे आपोआप साध्य होणार नाही का?

आपोआप होणार नाही. काही वेळा उलट परिणामही होतो. इमारत मोठी झाली की प्रवेशद्वार रस्त्यापासून मागे सरकते, तिकीट तपासणीची दारे एका बाजूला जातात आणि पूर्वी दोन मिनिटांत कापले जाणारे अंतर चार मिनिटांचे होते. प्रवासाच्या एकूण वेळेतील सर्व मिनिटे प्रवाशाला सारखी वाटत नाहीत. वाहतूक नियोजनात साधन बदलतानाचा चालण्याचा आणि थांबण्याचा वेळ, गाडीत बसून घालवलेल्या वेळेच्या साधारण दीड ते अडीच पट जड धरला जातो. म्हणजे बदलाच्या ठिकाणी वाचवलेली पाच मिनिटे प्रवाशाला गाडीचा वेग वाढवून वाचवलेल्या आठ-दहा मिनिटांइतकी मोलाची वाटू शकतात. उपनगरी प्रवासी हा बदल रोज दोन वेळा करतो, हे लक्षात घेतले तर खर्चाचा प्राधान्यक्रम दर्शनी भागाकडून पादचारी मार्गांकडे का वळायला हवा, हे स्पष्ट होते.

पुनर्रचनेची सुरुवात कोठून करावी?

मोजणीपासून. तीही दिवसभराच्या एकूण प्रवासीसंख्येची नव्हे, तर गर्दीच्या वेळेतील सर्वांत वाईट पंधरा मिनिटांची. दिवसाचा आकडा अहवालात ठसठशीत दिसतो, पण जिना किती रुंद हवा हे त्यावरून ठरवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका गाडीतून एका फलाटावर १,२०० प्रवासी उतरतात आणि त्या फलाटावर प्रत्येकी तीन मीटर रुंदीचे दोन जिने आहेत, असे समजा. लंडन अंडरग्राउंडच्या नियोजन मानकांत दोन्ही दिशांनी वापरल्या जाणाऱ्या जिन्याच्या दर मीटर रुंदीमागे मिनिटाला २८ आणि एकाच दिशेच्या जिन्यासाठी ३५ माणसे धरतात. दोन्ही जिने मिळून रुंदी सहा मीटर, म्हणजे मिनिटाला १६८ माणसे. या गतीने फलाट रिकामा व्हायला सात मिनिटांहून अधिक वेळ लागेल. गाड्या दर चार मिनिटांनी येत असतील तर पहिल्या गाडीचे प्रवासी जिन्यावर असतानाच दुसरी गाडी रिकामी होईल आणि फलाटावरील गर्दी प्रत्येक गाडीगणिक वाढत जाईल. त्याच फलाटाला तेवढ्याच रुंदीचे चार जिने दिले तर हा वेळ साडेतीन मिनिटांच्या आसपास येतो आणि पुढची गाडी येण्याआधी फलाट मोकळा होतो. एवढे गणित कोणालाही कागदावर मांडता येते, आणि ते मांडल्याशिवाय कोणताही आराखडा पुढे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

संख्येबरोबर दिशाही मोजावी लागते. उतरलेल्यांपैकी किती जण बसकडे, किती रिक्षाकडे आणि किती पायी जातात, आणि ते कोणत्या टोकाने बाहेर पडतात, याची नोंद नसेल तर नवे पादचारी पूल चुकीच्या टोकाला बांधले जातात. फलाट लांब असतात. एका टोकाचा पूल ओस पडलेला आणि दुसऱ्या टोकाला रेटारेटी, हे दृश्य याच अज्ञानातून निर्माण होते.

जिने रुंद केले म्हणजे गर्दीचा धोका टळतो का?

जिना हा साखळीतील एक दुवा आहे. तो जेथे संपतो तेथे मोकळी जागा नसेल तर त्याची रुंदी निरुपयोगी ठरते. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या वेळी मुसळधार पाऊस पडत होता. आडोशासाठी लोक पुलावर आणि जिन्यावर थांबून राहिले आणि लोकलमधून उतरलेले प्रवासी मागून येत राहिले. पुलाखालचा परिसर गेल्या काही दशकांत गिरण्यांचा भाग न राहता कार्यालयांचा झाला होता आणि तेथे उतरणाऱ्यांची संख्या जुन्या पुलाच्या क्षमतेपलीकडे गेली होती. नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मनाशी धरून ठेवली पाहिजे, कारण तिच्यातील प्रत्येक कारण आधी दिसू शकणारे होते.

यातून निघणारे नियम साधे आहेत. जिन्याच्या आणि सरकत्या जिन्याच्या दोन्ही तोंडांशी काही मीटर जागा पूर्णपणे रिकामी ठेवावी. तेथे दुकान, तिकीट यंत्र, जाहिरातीचा फलक किंवा सुरक्षा तपासणी यांपैकी काहीही नसावे. सरकत्या जिन्याच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण वरचे तोंड अडले तरी यंत्र खालून माणसे वर आणतच राहते. पावसात थांबण्यासाठी लागणारे छत जिन्याच्या पलीकडे, बसथांब्यापर्यंत सलग न्यावे, म्हणजे आडोसा शोधणारे लोक जिन्यावर अडून राहणार नाहीत.

स्थानकासमोरच्या जागेवर पहिला हक्क कोणाचा असावा?

पायी चालणाऱ्यांचा, त्यानंतर बसचा, मग सायकलचा, नंतर रिक्षा-टॅक्सीचा, आणि सर्वांत शेवटी खासगी मोटारींचा. कोणत्याही साधनाने आलेला माणूस शेवटचे काही मीटर पायीच जातो, त्यामुळे पादचाऱ्यांना दिलेली जागा प्रत्येकाच्याच उपयोगी पडते. हा क्रम जवळजवळ प्रत्येक धोरणात लिहिलेला सापडतो, पण आराखड्यात तो उलटा झालेला दिसतो. नकाशावर प्रवेशद्वारासमोर मोटारींसाठी गोलाकार रस्ता आणि मध्ये हिरवळीचे वर्तुळ दिसले, तर तो क्रम उलटला आहे असे खुशाल समजावे.

बसतळ कोठे आणि कसे असावे?

जागेच्या वाटणीत सर्वांत कठीण प्रश्न हाच असतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे. आधीच्या उदाहरणातील १,२०० प्रवाशांपैकी ४०० जण बस घेत असतील आणि एका बसमध्ये सरासरी ५० जण चढत असतील, तर दर गाडीमागे आठ बस लागतात. प्रत्येक बस चार मिनिटे थांबून भरत असेल आणि गाड्याही चार मिनिटांच्या अंतराने येत असतील, तर एका वेळी किमान आठ बसना उभे राहायला जागा हवी. चालक-वाहक बदलण्यासाठी किंवा पुढच्या फेरीची वाट पाहण्यासाठी ज्या बस अर्धा तास उभ्या राहतात, त्यांची जागा यात धरलेली नाही आणि ती येथे देऊही नये. उभ्या बस थोड्या दूरच्या तळावर आणि प्रवासी घेणाऱ्या बस दाराशी, एवढी विभागणी केली तरी निम्मी जागा मोकळी होते.

मांडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात बस रस्त्याच्या कडेने रांगेत उभ्या राहतात. ही रचना स्वस्त आणि सोपी असली तरी प्रवाशाला आपली बस शोधत लांबवर जावे लागते आणि अनेकदा बसच्या वाटेतून जावे लागते. दुसऱ्या प्रकारात मधोमध प्रवाशांचे एक बेट असते, त्यावर छत असते, रेल्वेच्या पुलावरून किंवा भुयारातून थेट त्या बेटावर उतरता येते आणि बस त्याच्याभोवती फिरतात. या रचनेत प्रवासी बसच्या वाटेत एकदाही येत नाही, हा तिचा मोठा गुण होय. मात्र जेथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि बसची दारे डावीकडे असतात, तेथे बेट डाव्या हाताला ठेवण्यासाठी बसला घड्याळाच्या उलट दिशेने फिरावे लागते. त्यामुळे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बसचे मार्ग तोंडाशी एकमेकांना छेदतात. तेथे सिग्नल किंवा पुरेशी लांबी दिली नाही, तर बाहेरचा मुख्य रस्ता तुंबतो. आराखडा पाहताना बसचे हे तोंड बारकाईने पाहावे.

जमिनीवर जागाच नसेल तर उन्नत डेकचा विचार होतो. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला बससाठी असा डेक बांधण्यात आला असून रेल्वेचे पादचारी पूल त्याला जोडलेले आहेत. टोकियोतील शिंजुकू स्थानकात रुळांवर बांधलेले बसस्थानक एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्यामुळे आसपासच्या रस्त्यांवर विखुरलेले लांब पल्ल्याच्या बसचे १९ थांबे एका छताखाली आले. डेकमुळे बस आणि प्रवासी एकाच पातळीवर येतात, परंतु डेकखालची जागा अंधारी आणि बेवारस होण्याचा धोका असतो. तेथे प्रकाश, वारा आणि काही ठरावीक उपयोग यांची सोय मूळ आराखड्यातच हवी. नंतर ती होत नाही.

रिक्षा आणि टॅक्सींना स्थानकापासून दूर ठेवावे का?

दूर ठेवू नये, वेगळे ठेवावे. सामान असलेले, आजारी, वृद्ध किंवा रात्री उशिरा उतरणारे प्रवासी याच साधनांवर अवलंबून असतात. उतरवण्याची आणि घेण्याची जागा स्वतंत्र असावी, घेण्याच्या जागी एकच रांग असावी, रांगेवर छत असावे आणि रांगेच्या सुरुवातीला एका वेळी तीन-चार वाहने भरता यावीत. रांग सुटी सुटी झाली की प्रत्येक वाहन प्रवेशद्वाराकडे धाव घेते आणि पादचाऱ्यांची वाट बंद होते. मोबाइलवरून मागवलेल्या गाड्यांसाठी क्रमांक दिलेली खूणजागा द्यावी, नाहीतर चालक आणि प्रवासी दोघेही फोनवर एकमेकांना शोधत रस्ता अडवतात.

मोठा वाहनतळ दिला तर अधिक लोक रेल्वेने येतील ना?

फार थोडे. एका मोटारीला येण्याजाण्याच्या वाटेसह साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. २०० मोटारींचा वाहनतळ म्हणजे पाच ते सहा हजार चौरस मीटर जागा, आणि तीमुळे स्थानकात येतात दिवसाला सुमारे अडीचशे माणसे, म्हणजे चार-पाच बस भरतील इतकी. तेवढ्याच जागेत संपूर्ण बसतळ बसते. मार्गाच्या अगदी बाहेरच्या टोकाला, जेथे वस्ती विरळ आहे आणि बस परवडत नाही, तेथे वाहनतळाला अर्थ आहे. दाट वस्तीतील स्थानकाला तो खेटून बांधणे म्हणजे मोटारींची वर्दळ पादचाऱ्यांच्या वाटेत आपणहून आणणे होय.

सायकलला एवढे महत्त्व का?

क्षेत्रफळामुळे. ८०० मीटर, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटे चालून स्थानक गाठणारे लोक सुमारे दोन चौरस किलोमीटर परिसरातून येतात. तेवढ्याच मिनिटांत सायकलने तीन किलोमीटर जाता येते आणि तेव्हा हा परिसर सुमारे २८ चौरस किलोमीटर होतो. रस्त्यांची वळणे धरून आकडा कमी झाला तरी फरक कित्येक पटींचा राहतो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट मध्यवर्ती स्थानकाखालील सायकलतळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यात १२,५०० सायकली मावतात, सायकल चालवतच आत जाता येते आणि पहिले २४ तास शुल्क पडत नाही. प्रत्येक स्थानकाला एवढा तळ नको. परंतु देखरेख असलेली, छताखालची आणि फलाटाच्या प्रवेशाजवळची जागा हवीच. कोपऱ्यात, पहाऱ्याविना ठेवलेले रॅक महिनाभरात मोडक्या सायकलींनी भरतात.

दिव्यांग आणि ज्येष्ठ प्रवाशांसाठी काय आवश्यक आहे?

अखंड वाट. एक लिफ्ट, एक उतार आणि काही उठावाच्या फरशा यांची यादी पूर्ण झाली म्हणजे स्थानक सुगम झाले, असा समज रूढ आहे. व्हीलचेअरवरील प्रवाशासाठी रस्त्यापासून गाडीच्या दारापर्यंतच्या वाटेत एक पायरी जरी मध्ये आली, तरी ती संपूर्ण वाट बंदच असते.

उतारांचे गणित लोकांना आश्चर्याचे वाटते. प्रचलित मानकांनुसार उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. पादचारी पुलाची चालण्याची पातळी फलाटापेक्षा सहा मीटर उंच असेल तर ७२ मीटर लांबीचा उतार लागतो, आणि त्यात विसाव्याचे सपाट टप्पे वेगळे. एवढी चढण स्वतःच्या हातांनी चाके फिरवत पार करणे फार थोड्यांना जमते. म्हणून लिफ्ट अपरिहार्य आहे, आणि ती प्रत्येक फलाटाला एकच असेल तर दुरुस्तीच्या दिवशी काय करायचे याचे उत्तर आराखड्यात हवे. शक्य तेथे समोरासमोर दोन दारे असलेली लिफ्ट घ्यावी, म्हणजे व्हीलचेअर आत वळवावी लागत नाही आणि मुलाची गाडी किंवा सामान घेऊन येणाऱ्यांचीही सोय होते.

दृष्टिहीनांसाठीच्या उठावाच्या फरशा जपानमधील सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील एका रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांब रेषा असलेली फरशी पुढे चालण्याची दिशा दाखवते आणि गोल ठिपक्यांची फरशी थांबण्याचा किंवा सावध होण्याचा इशारा देते. हा अर्थ न समजता केवळ पिवळी पट्टी म्हणून त्या बसवल्या जातात, तेव्हा पट्टी थेट खांबावर किंवा गटाराच्या झाकणावर जाऊन संपते. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला आपण विश्वासाने चालायला सांगतो आणि मग खांबावर नेऊन आदळवतो. हे अक्षम्य आहे. काम स्वीकारण्यापूर्वी दृष्टिहीन व्यक्तींनी ती वाट प्रत्यक्ष चालून पाहावी आणि त्यांच्या संमतीशिवाय कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये, अशी अट निविदेतच घालता येते.

रुळांमुळे वस्तीचे दोन भाग झाले आहेत. केंद्रामुळे ते जोडले जातील का?

जोडले गेले पाहिजेत. एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी तिकीट लागणार नाही असा सार्वजनिक पूल किंवा भुयार, आणि तिकिटाच्या हद्दीतील प्रवाशांचा मार्ग, हे दोन्ही स्वतंत्र पण शेजारी असावेत. दोन्हींसाठी एकच अरुंद पूल ठेवला तर गाडीची गर्दी आणि वस्तीची वर्दळ समोरासमोर येतात. जवळचा मार्गच नसेल तर लोक रूळ ओलांडतात आणि जीव गमावतात.

गाडी आणि बस यांची वेळापत्रके जुळवणे खरोखर शक्य आहे का?

शक्य आहे, आणि अनेक ठिकाणी ते रोज होते. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत स्वीकारली. मोठ्या स्थानकांत गाड्या ठरलेल्या मिनिटाच्या आधी थोडा वेळ येतात, प्रवासी बदल करतात आणि त्यानंतर सर्व गाड्या व बस सुटतात. उपनगरी मार्गावर गर्दीच्या वेळी गाड्या आणि बस दोन्ही वारंवार असतात, तेव्हा जुळवणीची गरज कमी असते. खरी गरज दुपारी, रात्री आणि सुटीच्या दिवशी असते. अर्ध्या तासाने येणारी बस गाडी येण्यापूर्वी दोन मिनिटे निघून जात असेल, तर प्रवाशाच्या दृष्टीने ती बस अस्तित्वातच नाही. शेवटची बस शेवटच्या गाडीसाठी थांबेल, एवढा एकच नियम लागू केला तरी रात्रपाळीहून परतणाऱ्या शेकडो लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, प्रवास सुरक्षित होतो. यासाठी काँक्रीट लागत नाही.

एकच प्रवास कार्ड पुरेसे आहे का?

कार्डाने खिशातील सुट्या पैशांची अडचण सुटते. हाँगकाँगमध्ये १९९७ मध्ये ऑक्टोपस आणि लंडनमध्ये २००३ मध्ये ऑयस्टर कार्ड सुरू झाले, तेव्हापासून हे तंत्र सिद्ध झालेले आहे. मात्र कार्ड एक असूनही प्रत्येक साधनात चढताना किमान भाडे पुन्हा भरावे लागत असेल, तर साधन बदलल्याबद्दल प्रवाशाला दंडच केला जातो. संपूर्ण प्रवासाचे भाडे एकत्र मोजले जाणे ही त्यापुढची आणि अधिक कठीण पायरी आहे, कारण तेथे उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न येतो.

रेल्वे, महापालिका आणि बस प्राधिकरण वेगवेगळे असताना जबाबदारी कोणाची?

बहुतेक प्रकल्प येथेच अडतात. फलाट आणि पूल रेल्वेचा, रस्ता महापालिकेचा, बस तिसऱ्या संस्थेची, वाहतूक नियंत्रण पोलिसांकडे आणि मेट्रो आणखी वेगळ्या कंपनीकडे, अशी विभागणी सर्वसाधारणपणे असते. प्रत्येक संस्था आपापल्या हद्दीत चोख काम करते, तरीही पूल जेथे संपतो आणि पदपथ जेथे सुरू होतो त्या दोन मीटरच्या पट्ट्यात दिवा लागत नाही, पाणी साचते आणि झाडणारा कोणी नसतो. प्रवासी मात्र नेमका तेथूनच जातो.

यावर उपाय म्हणून काही शहरांनी सर्व साधनांचे नियोजन आणि भाडे एका संघाकडे सोपवले. हँबुर्गमध्ये १९६५ साली असा पहिला वाहतूक संघ स्थापन झाला, आणि झुरिकचा वाहतूक संघ १९९० मध्ये तेथील उपनगरी रेल्वेबरोबरच सुरू झाला. संपूर्ण शहरासाठी असा संघ लगेच शक्य नसेल, तरी एका स्थानकापुरता करार करता येतो. कोणत्या छताची दुरुस्ती कोण करणार, लिफ्टचे वीजबिल कोण भरणार, रात्री कोणते दार कोण बंद करणार, हे त्यात नावानिशी लिहिलेले असावे. केंद्राचा एक व्यवस्थापक असावा आणि त्याचा अधिकार हद्दीच्या रेषेवर थांबू नये.

स्थानकावर दुकाने आणि कार्यालये बांधून खर्च भागवता येईल का?

काही प्रमाणात येईल. हाँगकाँगच्या रेल्वे महामंडळाला स्थानकांवरील आणि आसपासच्या जमिनीचे विकासहक्क मिळतात. रेल्वे येण्यापूर्वीच्या किमतीला मिळालेल्या जमिनीचे मोल रेल्वेमुळे वाढते आणि तो लाभ मार्गाच्या बांधकामाकडे वळतो. हे प्रारूप आकर्षक असले तरी त्यासाठी जमिनीवर एकसंध मालकी, पारदर्शक लिलाव आणि रेल्वे सक्षमपणे चालवणारी संस्था लागते. शिवाय स्थानकावर उभे राहिलेले प्रत्येक कार्यालय त्याच जिन्यांवर नवी माणसे आणते, म्हणून विकासाचे क्षेत्रफळ मान्य करण्यापूर्वी वर दिलेले जिन्यांचे गणित पुन्हा मांडावे लागते. दुकाने वाटेच्या कडेला, रुंदी पूर्ण सोडून असावीत. प्रवाशांना लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना आखून दिलेल्या जागा मूळ नकाशातच ठेवाव्यात. त्यांना हटवून मोकळा केलेला पदपथ काही दिवसांत पुन्हा भरतो, कारण गरज तेथेच असते.

दिशादर्शक फलकांसाठी वेगळा विचार हवा का?

हवा. प्रवाशाला जेथे वळायचे असते, नेमका तेथे फलक असावा, आणि फलाटापासून बसच्या दारापर्यंत तेच नाव, तोच क्रमांक व तोच रंग टिकावा. रेल्वेच्या हद्दीत एक नाव आणि बसच्या पाटीवर दुसरे, अशाने नवखा माणूस हरवतो. परिसराचा नकाशा लावताना वाचणाऱ्याचे तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा वर ठेवावी. उत्तर वर ठेवलेला नकाशा रस्त्यावर उभे राहून वाचणे अनेकांना जमत नाही. पुढच्या काही बस किती मिनिटांत सुटणार, हे सांगणारा फलक पुलावरच, जिना उतरण्याआधी असावा, म्हणजे खाली येऊन मार्ग बदलावा लागत नाही.

आग लागली किंवा पाणी साचले तर?

अमेरिकेतील एनएफपीए १३० या मानकात फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सर्व जण सहा मिनिटांत सुरक्षित ठिकाणी पोहोचावेत, अशी अपेक्षा आहे. केंद्र बंदिस्त आणि बहुमजली होत जाते तसे हे साधणे अवघड होते, म्हणून उघडी, हवेशीर रचना उपनगरी स्थानकाला अधिक योग्य ठरते. भुयारी मार्गाचे तोंड आसपासच्या रस्त्यापेक्षा उंच असावे आणि पंप बंद पडला तरी लोकांना वरून जाता यावे.

बांधकाम चालू असताना रोजच्या प्रवाशांचे काय?

स्थानक बंद ठेवता येत नाही, त्यामुळे पुनर्रचना म्हणजे चालत्या गाड्यांच्या मधोमध केलेली शस्त्रक्रिया असते. पुलाचे गर्डर बसवण्यासाठी गाड्या थांबवून आणि ओव्हरहेड तारांचा वीजपुरवठा बंद करून ब्लॉक घ्यावा लागतो, आणि तो बहुधा रात्रीचे काही तासच मिळतो. म्हणून जुना जिना पाडण्यापूर्वी नवा सुरू होणे हा नियम मोडता कामा नये. कामाच्या प्रत्येक टप्प्यात उपलब्ध असणाऱ्या जिन्यांची एकूण रुंदी आजच्यापेक्षा कमी होणार नाही, अशी हमी कंत्राटात असावी. पत्र्याचे कुंपण फलाटावर आले की फलाट निम्मा होतो, आणि अपघाताची शक्यता नेमकी त्याच महिन्यांत सर्वाधिक असते. कामाची अंतिम तारीख जाहीर करतातच. त्याबरोबर प्रत्येक टप्प्याचा नकाशा आणि मुदतही स्थानकात लावावी.

आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाल्यावर नागरिकांनी काय मागावे?

रंगीत त्रिमितीय चित्रांवर समाधान मानू नये. चार कागद मागावेत. पहिला, गर्दीच्या पंधरा मिनिटांतील प्रवाशांची संख्या आणि दिशा दाखवणारा तक्ता, आजचा आणि पुढील वीस-तीस वर्षांच्या अंदाजाचा. दुसरा, फलाटापासून बसतळापर्यंतचा उभा छेद, ज्यात प्रत्येक पातळी, पायऱ्यांची संख्या आणि लिफ्टची जागा दिसते. तिसरा, बांधकामाच्या टप्प्यांचे नकाशे. चौथा, देखभालीची वाटणी सांगणारा करारमसुदा. हे कागद तयार नाहीत असे उत्तर मिळाले, तर ती हरकत लेखी नोंदवावी आणि ते तयार होईपर्यंत सूचनांची मुदत वाढवून मागावी.